हिरड्याचं पाणी

दौंडच्या आमच्या घरात उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा करायचा, एवढंच मुळात ठरलं होतं. माझे गुडघे दुखत नव्हते, तसं वयही नव्हतं. पण भांडगावच्या शाळेत शिकवून बसनं परत यायचं आणि आल्या आल्या जमिनीवर बसून गॅसपुढे वाकायचं, याचा मला वीट आला होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या आळीत घरोघरी ग्रॅनाइटचे ओटे उभे राहत होते आणि त्यांच्या मागे छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स. त्या टाइल्सवर द्राक्षांचे घोस असायचे. मला त्या द्राक्षांचा राग यायचा. हे स्वयंपाकघर आहे की दवाखाना, असं मी एकदा शेजारणीला तोंडावर म्हणाले, तर ती पुढे महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आमचं घर तीनच खोल्यांचं, पण ते माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं होतं. ते रेल्वेत होते. रेल्वेनं टाकून दिलेलं जे जे मिळालं ते त्यांनी घराला लावलं. छताला तुळयांच्या जागी रुळांचे तुकडे आणि त्यांच्या मधे विटांच्या बसक्या कमानी. स्वयंपाकघरातलं फडताळ रुळांखालच्या स्लीपरच्या लाकडाचं, त्यात खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकायचा. कोपऱ्यात चूल आणि तिच्यावर कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात बघून बांधलेलं धुराडं. भिंती दगडाच्या, दीड हात रुंद, चुन्यात बांधलेल्या. एप्रिल-मेमध्ये दौंड भाजून निघायचं, तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून बसलं की जिवाला बरं वाटायचं. फक्त गिलावा जुना झाला होता. चुलीच्या मागचा तर नुसता हात लावला तरी भुगा होऊन खाली यायचा.

मला ओटा हवा होता, पण त्यासाठी हे सगळं जायला नको होतं. धुराडं राहावं, त्याच्याखाली गॅस यावा. फडताळाला तेलपाणी करावं. ओट्याला ग्रॅनाइट नको, काळा कडप्पा चालेल, खालच्या शहाबादी फरशीशी त्याचं जमतं. आणि भिंतीचा नवा गिलावा चुन्याचाच करायचा, सिमेंटचा नाही.

या शेवटच्या गोष्टीसाठी मी अडून बसले, कारण माझे वडील शिरूरचे गवंडी होते. चुन्याचे गवंडी, असं ते मुद्दाम सांगायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट घातलं की तिचा घाम आतच कोंडतो आणि भिंत सडते, हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. शिवाय चुन्यात घालायचं पाणी मी करायचे. नऊ वर्षांची असल्यापासून. हिरडे कुटायचे, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचा, चार दिवस भिजत ठेवायचं. आंबूस वास सुटला आणि फेस आला की धोतराच्या फडक्यातून गाळायचं. आप्पा बोट बुडवून वर धरायचे. बोटावरून पाण्याची तार सुटली तर म्हणायचे, "झालं." या पाण्यानं चुना दगडासारखा होतो. आमच्या शिरूरच्या घराच्या पुढच्या पायरीवर बसून मी हिरडे कुटायचे आणि येणारे-जाणारे बघायचे. गवंड्याची पोरगी म्हणून माझी मान तेव्हा फार ताठ होती.

भिंतीजवळ मात्र मला जाता यायचं नाही. गिलावा झाला की त्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि आठ दिवस बाईमाणसानं त्याला हात लावायचा नाही, भेगा पडतात, असा आप्पांचा नियम होता. ज्या घरी काम असे तिथल्या बायकांनाही ते हेच बजावायचे. बाईच्याच हातानं भेगा का पडतात, हे मी कधी विचारलं नाही. विटाळशीनं लोणच्याला हात लावू नये, तसंच काहीतरी असेल असं मी धरून चालले होते.

आप्पा गेले तेव्हा मागे शेतीवाडी काही नव्हती. मला त्यांच्याकडून मिळालं ते हे पाणी, असं मी मनाशी मानत आले. आपल्या सासरच्या स्वयंपाकघरात त्यांच्या पद्धतीची एक भिंत उभी राहावी आणि ती आपल्या हातच्या पाण्यानं उभी राहावी, एवढीच माझी इच्छा होती. त्या घरात स्वतःचं म्हणून मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. नवरा कुरकुंभच्या कारखान्यात होता. त्यानं ऐकून कपाळाला हात लावला. "म्युझियम करायचंय का तुला? दोन दिवसांत सिमेंटचं प्लॅस्टर हुतंय, आन् ही निघाली हिरडे कुटायला." माझे सासरे, आबा, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिचं ऐक. सैपाक ती करती, तू न्हाई." संपला विषय. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आबा आपल्या बाजूचे आहेत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी त्यांना संध्याकाळी भजी करून घातली.

काम करणारा माणूसही माझ्याच माहितीतला होता. शिरूरला आप्पांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेले एक गवंडी होते, त्यांना मी लहानपणापासून मामा म्हणायचे. चौफुल्याला गाडी बदलून मी स्वतः शिरूरला गेले, त्यांच्या दारात बसले. चुन्याचं काम म्हटल्यावर त्यांनी आधी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "आता कोण करतंय चुन्याचं? पर तुझ्या बापाचं नाव घेतलंस, म्हंजी यावंच लागंल." मला भरून आलं. सोमवारी ते दौंडला आले, आमच्या बाहेरच्या खोलीत राहिले, शनिवारी गावी जायचे.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, आणि म्हणूनच आज त्यांची आठवण काढवत नाही. मामांनी परसात खड्डा खणून चुना विझवला. मी शाळेतून आले की परसदारी हिरडे कुटत बसायचे. सकाळी शाळेला जायच्या आधी पाणी गाळून दोन बादल्या मामांपुढे ठेवायचे. ते बोट बुडवायचे, तार बघायचे आणि म्हणायचे, "बापाचा हात हाय तुझ्यात." एवढ्या एका वाक्यावर माझा दिवस जायचा. शाळेत सहकारी बाईंना मी चुन्याबद्दल इतकं सांगितलं की त्या मधल्या सुट्टीत मला टाळायला लागल्या.

संध्याकाळी यावं तर भिंतीवर ओलं गोणपाट. मामा हसून म्हणायचे, "आठ दिस. नियम ठाऊक हाय ना?" ठाऊक म्हणजे काय, तो माझ्याच घरचा नियम होता! मी दुसऱ्या खोलीतूनसुद्धा तिकडे बोट करत नव्हते. त्याच दिवसांत परसातल्या लिंबाला मुंगळे लागले. बुंध्याभोवती नुसती रांग. मी त्याला राख घातली, हळद घातली, आणि गुळाचं भांडं उघडं राहतं म्हणून स्वतःलाच बोल लावला.

भिंत झाली ती फार सुंदर झाली. पांढरी, पण टाइलसारखी डोळ्यांत खुपणारी नाही. धुराड्याखाली गॅस आला, कडप्प्याचा ओटा बसला, स्लीपरचं फडताळ तेलानं काळंभोर झालं. आळीतल्या बायका बघायला आल्या. रुसलेली शेजारीणसुद्धा आली. मी प्रत्येकीला भिंतीवरून हात फिरवायला लावला आणि हिरड्याचं पुराण लावलं. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते मी त्या महिन्यात भरपूर केलं.

साताठ महिने गेले असतील. मिक्सरसाठी ओट्याजवळ एक बोर्ड हवा होता. शनिवारी सकाळची शाळा असते, मी दुपारी घरी आले तर वायरमन भिंतीत खाच मारत होता. मला बघून त्यानं घाम पुसला. "बाई, लय पक्कं सिमेंट हाय तुमचं. दोन छिन्न्या बोथट झाल्या."

"सिमेंट नाही, चुना आहे तो," मी म्हणाले. असं मी इतक्यांदा म्हटलं होतं की तोंडातून आपोआप आलं.

तो बाजूला झाला. कडप्प्यावर राखाडी भुगा पडला होता. खाचेत वर बोटभर पांढरा थर, आणि आत जुन्या दगडापर्यंत सगळं करडं. मी त्यात बोट घालून पाहिलं. गवंड्याच्या पोरीला आणखी कुणी सांगायची गरज नव्हती. मग जरा खाली वाकले, तर जमिनीलगत भिंतीला पोपडे धरले होते. ते आधीही दिसले असणार मला. मी बघितले नव्हते.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा मी भुगा तसाच ठेवला होता. त्यानं तो पाहिला आणि तो हसला. बाकी सगळं मी विसरेन, पण तो आधी हसला हे मला विसरता येत नाही.

"कळलं का शेवटी?" तो म्हणाला. "अगं, तुझं मन राखलं. चुन्याला तीन महिने गेले आसते. मामाच म्हणले, आतून सिमेंट घिऊ, वरून चुन्याचा हात मारू. बाईला सांगू नका, वाईट वाटंल."

"आणि माझं पाणी? रोजच्या दोन बादल्या?"

तो आबांकडे बघायला लागला. आबांनी पेपर खाली ठेवला. "लिंबाला घालत व्हतो," ते म्हणाले. "तू शाळंला गेलीस की. मिस्त्रीला कुठं उचलाय लावायच्या, म्हणून मीच न्यायचो. वाया न्हाई घालवलं काही."

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. वरून कीर्तन आतून तमाशा, असं मी म्हणाले, ते आठवतं. भिंतीला म्हणाले की आबांना, ते मात्र सांगता येणार नाही. नवऱ्याचा मला राग आला, पण तो पहिल्यापासून विरोधात होता. विरोध करणाऱ्याकडून धक्का बसत नाही. आबांनी मात्र माझी बाजू घेऊन मला भजी तळायला लावली आणि तीन आठवडे गुपचूप बादल्या ओतल्या. मी राख घालत होते तेव्हा ते बाजल्यावर बसून बघत होते, आणि "मुंगळं लई झाल्यात औंदा" असंही म्हणाले होते. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. दोघांनी चहात पाव बुडवून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी शिरूरची गाडी धरली. भीमा ओलांडली, न्हावरा गेलं, आणि सबंध रस्ता मी मामांना काय काय बोलायचं ते जुळवत होते. ते दारात बाजेवर बसले होते. मला बघूनच त्यांना कळलं. "चहा टाक," असं त्यांनी आत सांगितलं.

"चहा नको. मामा, केसानं गळा कापलात तुम्ही माझा."

"व्हय, घातलं सिमेंट," ते म्हणाले. आवाज खाली, पण शरम काही दिसत नव्हती. "चुन्याच्या भट्ट्या कवाच्या बंद झाल्या, पोरी. पिशवीत जो मिळतोय त्याला गिलाव्याचा जोर न्हाई. वरच्या हातापुरता ठीक हाय. मी 'न्हाई जमत' म्हणलो आसतो, तर तू रडली आसतीस."

"आप्पा असते तर त्यांनी थापी ठेवली असती, पण असलं केलं नसतं."

मामा बाजेवरून उठले. मला वाटलं, आता तरी माफी मागतील.

"ही विद्या मला कुणी शिकवली?" ते म्हणाले. "मी त्याच्याच हाताखाली व्हतो."

मी ओरडले. गेलेल्या माणसावर ढकलायला लाज वाटत नाही का, असं म्हणाले. आतून त्यांची बायको बाहेर आली आणि चहा ठेवून परत गेली.

"तो आठ दिसाचा नियम," मामा म्हणाले, "तुझ्या आज्याच्या टायमाला न्हवता. तवा बायाच भित्ती घोटायच्या. गारगोटी घिऊन, दिवसच्या दिवस, आरशावानी हुईस्तवर. ती बायांचीच कला व्हती. सिमेंट मिळाय लागलं तवा तुझ्या बापानं नियम काढला. घरात आसत्यात बाया. त्यांनीच हात लावला आसता, चुना आठ दिस नरम ऱ्हातो आन् सिमेंट रातीत आवळतं, हे त्यांनाच कळलं आसतं. तुला तर पयलं कळलं आसतं."

चहा तसाच राहिला. मामांच्या घरापासून आईचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. मामा स्वतःची मान सोडवायला खोटं बोलतात, असं मी प्रत्येक पावलाला स्वतःला सांगत गेले. पण आठ दिवसांचा नियम डोक्यातून जात नव्हता. इतकी वर्षं मला त्याचं कारण सापडलं नव्हतं, आणि आता एकदम चपखल सापडलं होतं.

आई मेथी निवडत बसली होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आप्पा आतून सिमेंट घालायचे?"

आईनं एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "कुणी सांगितलं?"

"घालायचे का नाही, तेवढं सांग."

"व्हय," आई म्हणाली. "तू चवथीत आसशील तवापासून."

चौथीत. म्हणजे मी नऊ वर्षांची. म्हणजे मी पहिला हिरडा कुटला तेव्हापासून माझं पाणी एकाही भिंतीत गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल तर त्या वरच्या बोटभर थरात. मी आईसमोर खाली बसले. शिरूरमध्ये कितीतरी घरांवरून जाताना मी मनात म्हणायचे, ही आपली भिंत. कॉलेजच्या मैत्रिणींना दाखवलेल्या. लग्नाआधी नवऱ्यालाही एकदा दाखवलेली.

"मग मला कशाला कुटायला लावायचीस?"

आईचे हात थांबले नाहीत. "गिऱ्हाईक यायचं ना घरी. पायरीवर पोरगी हिरडं कुटताना दिसली, की त्याला भरवसा वाटायचा. चुन्याचं काम म्हणून दोन घरं जास्त मिळायची. तुमची साळा त्याच्यावरच झाली." मग म्हणाली, "आन् तुला आवडायचं बी. तू बसलीस की तुझा बाप तुझ्याकडंच बघत ऱ्हायचा. त्याला बी बरं वाटायचं."

मला आईचा इतका राग आला की मी उठून मोरीवर गेले आणि तोंड धुऊन आले. बाप लबाड निघाला याचं दुःख होतंच. पण त्यातही एक गोष्ट होती की बापाला निदान कुणाला तरी फसवायचं होतं, पोटासाठी. आई मला फसवत नव्हती. तिनं मला फक्त पायरीवर बसवलं होतं, दुकानाबाहेर पाटी लावावी तसं. जेवून जा, ती म्हणाली. मी जेवले नाही.

दौंडला पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. नवरा स्वयंपाकघरात होता. त्यानं ओट्यावरचे डबे, भांडी, सगळं बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं आणि फडताळावर जुनी चादर टाकली होती. हातात छिन्नी-हातोडा. खाचेच्या बाजूचा हातभर गिलावा त्यानं उतरवलाही होता, आणि खालचा जुना दगड दिसत होता. आबा दारात उभे होते. त्यांच्या पायाशी धुतलेली रिकामी बादली होती.

"चूक झाली," नवरा म्हणाला. लग्नानंतर हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "समदं उतरवतो मी. सुट्टी टाकतो. चुना कुठनं बी आणू, राजस्थानातनं आणाय लागला तरी आणू. मामा नको आन् कुणी नको. तुझ्या बापाची विद्या हाय तुझ्याकडं. तू सांगायचं, मी करणार."

तो खरंच मनापासून बोलत होता. बाह्या वर केल्या होत्या, केसांत करडा भुगा होता.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासनं सांग. चुना किती, वाळू किती?"

मी भिंतीकडे बघितलं. चुना किती, वाळू किती, मला माहीत नव्हतं. विझवलेला चुना किती दिवस ठेवायचा, पहिला हात किती जाड द्यायचा, तो दगडावर मारायचा कसा, दुसरा कधी, घोटायला कधी सुरुवात करायची, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. आबा आणि तो, दोघंही माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मला फक्त पाणी करता येत होतं.